पुढील क्रमांक

सार्वजनिक ग्रंथालयात आलेले नवे पुस्तक थेट कपाटात जात नाही. प्रथम त्याची नोंद दाखल नोंदवहीत होते. नोंदवहीतील शेवटचा क्रमांक पाहावयाचा, त्याच्या पुढचा आकडा नव्या ओळीवर लिहावयाचा आणि तोच आकडा पुस्तकावरील शिक्क्यात भरावयाचा, एवढाच हा विधी. ग्रंथालयाच्या परिभाषेत यास दाखल क्रमांक म्हणतात. एकाच ग्रंथाच्या पाच प्रती विकत घेतल्या, तर त्यांचे नाव एक, लेखक एक, किंमतही एकच. दाखल क्रमांक मात्र पाच. त्यांपैकी कोणती प्रत कोणत्या सभासदाने नेली, कोणती बांधणीस गेली आणि कोणती परत आलीच नाही, हे केवळ या क्रमांकावरून सांगता येते. शाळेच्या जनरल रजिस्टरातही हीच व्यवस्था असते. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असू शकतात. एकाच रजिस्टर क्रमांकाच्या दोन मुली असू शकत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो क्रमांक लिहितात तो याच कारणाने.

नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनास पुढील क्रमांक कोणता, हे कोणी शिकवावे लागत नाही. तथापि तो तीन गोष्टी न बोलता पाळत असतो. शेवटची ओळ त्याच्या डोळ्यांसमोर असते. वही एकच आणि लेखणी एकाच्याच हाती असल्यामुळे तोच आकडा त्याच क्षणी दुसरा कोणी लिहीत नाही. आणि एखादे पुस्तक फाटून बाद झाले, तरी त्याची ओळ खोडून तो क्रमांक नव्या पुस्तकास देण्याचे त्याच्या मनातही येत नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ असे लिहून तो पुढे जातो. हीच नोंदवही टेबलावरील संगणकात, म्हणजे डेटाबेस अथवा माहितीकोश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत, उतरविली की या तिन्ही गोष्टी हातून निसटू शकतात. यंत्रास त्या स्पष्टपणे सांगाव्या लागतात, आणि सांगण्यात चूक झाली तर ती पुष्कळदा वर्ष-सहा महिन्यांनी, एखाद्या निरपराध सभासदाच्या दारी नोटीस गेल्यावर, उघडकीस येते.

खटक्याचे यंत्र

संगणकाच्या पूर्वीपासून हे काम करणारे एक लहानसे हस्तयंत्र कचेऱ्यांतून वापरात आहे. त्यास नंबरिंग मशीन म्हणतात. अमेरिकेत ते बेट्स यांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि वकिलांच्या कागदपत्रांवर क्रमांक घालण्याच्या रीतीस तिकडे आजही ‘बेट्स क्रमांकन’ असेच म्हणतात. या यंत्रात एका आसावर काही लहान चाके बसविलेली असतात आणि प्रत्येक चाकाच्या कडेवर शून्यापासून नऊपर्यंतचे अंक कोरलेले असतात. वरची मूठ दाबली की चाकांवरील अंक कागदावर उमटतात आणि त्याच दाबाने एक खटका एककाचे चाक एका दात्याने पुढे सरकवितो. नऊनंतर शून्य आले की दशकाचे चाक एक घर पुढे जाते.

या साध्या यंत्राकडे थोडे लक्षपूर्वक पाहावे. ते आधीच्या कागदावर कोणता आकडा उमटला आहे, हे पाहत नाही. पुढील आकडा त्याच्याच पोटात तयार असतो. त्याचा खटका पुढेच जातो, मागे येत नाही. आकडा उमटणे आणि चाक सरकणे या दोन क्रिया एकाच दाबात होतात. त्यांच्यामध्ये कोणास हात घालता येईल एवढे अंतर नसते. मात्र शाई नीट लागते की नाही हे पाहण्यासाठी कोणी ते रद्दी कागदावर एकदा दाबून पाहिले, तर तो आकडा गेला तो गेलाच. पुढील पावतीवर त्याच्या पुढचा आकडा उमटेल आणि मधला आकडा कोणत्याही पावतीवर सापडणार नाही.

माहितीकोशातील स्वयंचलित क्रमांकाचे सारे गुण आणि त्याचा एकमेव दोषही या यंत्रात आधीपासूनच आहे. संगणक आल्यावर ही गोष्ट लगेच ध्यानात घेतली गेली असती, तर पुष्कळ घोटाळे टळले असते. परंतु आरंभीच्या काळी वाट निराळी धरली गेली.

जागा आणि ओळख

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दशकात भारतातील असंख्य कचेऱ्यांतून, शाळांतून आणि दुकानांतून डीबेस हा माहितीकोश प्रचलित होता. पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करीत असताना वेन रॅटलिफ यांनी त्याचे मूळ रूप तयार केले आणि पुढे अ‍ॅश्टन-टेट या कंपनीने तो विकावयास घेतला. १९८४ साली त्याची ‘डीबेस थ्री’ ही आवृत्ती निघाली. या माहितीकोशात प्रत्येक नोंदीस क्रमांक असे. परंतु तो कोठेही लिहून ठेवलेला नसे. तो कसा, हे पाहण्याजोगे आहे.

डीबेसमधील एका फाईलीतील सर्व नोंदी सारख्या लांबीच्या असत. समजा, पुस्तकाच्या एका नोंदीस १२८ अक्षरांची जागा लागते. मग ४१ वी नोंद शोधावयाची, तर आरंभीचा मथळा ओलांडून ४० गुणिले १२८, म्हणजे ५,१२० अक्षरे सोडली की ती सापडते. क्रमांक लिहून ठेवण्याची गरजच उरत नाही. नोंद जेथे पडली आहे ती जागाच तिचा क्रमांक होय. त्या काळी संगणकाची स्मृती तोकडी होती आणि ही युक्ती काटकसरीची होती, याविषयी शंका नाही.

अडचण येई ती नोंद काढून टाकताना. ‘डिलीट’ ही आज्ञा दिली की नोंदीवर केवळ एक तारांकित खूण होई. नोंद जागच्या जागी राही. परंतु ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावर खूण केलेल्या नोंदी खरोखरीच नाहीशा होत आणि त्यांच्या मागच्या साऱ्या नोंदी पुढे सरकून रिकामी जागा भरून काढीत. ४१ वी नोंद गेली की ४२ वी तिच्या जागी येई आणि ४१ वी म्हणविली जाई. तिच्या मागील प्रत्येकीचा क्रमांक याचप्रमाणे एकाने उतरे.

आता एखाद्या ग्रंथालयाने देवघेवीची दुसरी फाईल ठेवली आहे आणि तीत पुस्तकाच्या दाखल क्रमांकाऐवजी हा यंत्राने सांगितलेला नोंदक्रमांक लिहिला आहे, अशी कल्पना करावी. एका सभासदाच्या नावावर ४२ ही नोंद पडली आहे. दरम्यान बाद पुस्तकांची सफाई झाली. आता ४२ या जागी दुसरेच पुस्तक आहे. सभासद आपण नेलेला ग्रंथ प्रामाणिकपणे परत करावयास येतो, तर यंत्र सांगते की हा तुमच्याकडील ग्रंथ नव्हे. तुमच्याकडून निराळाच ग्रंथ येणे आहे. यात चोरी कोणाची नाही आणि यंत्रातही बिघाड नाही. जागेच्या आकड्यास पुस्तकाचे नाव समजले गेले, एवढेच झाले आहे.

ग्रंथपालांस हा प्रकार नवा वाटू नये. जुन्या ग्रंथालयांतून पुस्तकावरील क्रमांक हा कपाट, फळी आणि फळीवरील स्थान यांचाच निर्देश करीत असे. नवे कपाट आले अथवा ग्रंथसंग्रह वाढला की क्रमांक बदलण्याची पाळी येई. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली आपले दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यायोगे क्रमांक फळीपासून सुटला आणि ग्रंथाच्या विषयाशी जोडला गेला. दाखल क्रमांक त्याहूनही अलिप्त आहे. तो जागा सांगत नाही, विषयही सांगत नाही. ‘हीच ती प्रत’ एवढेच सांगतो. पण तेवढे मात्र कायमचे सांगतो.

डीबेसच्याच काळातील दुसऱ्या एका माहितीकोशाने हा प्रश्न फार सुरेख रीतीने सोडविला होता. युनेस्कोने १९८५ साली वैयक्तिक संगणकासाठी ‘सीडीएस-आयसिस’ ही प्रणाली उपलब्ध केली. ती ग्रंथालये आणि माहितीकेंद्रे यांच्यासाठीच रचलेली होती. भारतात तिच्या वितरणाचे काम निसॅट, म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान यांची राष्ट्रीय माहिती प्रणाली, या सरकारी उपक्रमाने केले आणि देशातील अनेक ग्रंथालयांची पहिली संगणकीय ग्रंथसूची या प्रणालीवर उभी राहिली. ग्रंथसूचीतील नोंदी सारख्या लांबीच्या नसतात. एखाद्या ग्रंथाचे शीर्षक दोन शब्दांचे, तर दुसऱ्याचे दोन ओळींचे. म्हणून जागेवरून गणिताने क्रमांक काढण्याची डीबेसची युक्ती येथे चालण्यासारखी नव्हती. आयसिसने प्रत्येक नोंदीस मास्टर फाईल नंबर अथवा एमएफएन या नावाचा क्रमांक दिला आणि कोणत्या क्रमांकाची नोंद सध्या कोठे आहे, हे सांगणारी दुसरी एक लहान फाईल ठेवली. तीत प्रत्येक क्रमांकास चार बाइटांची जागा. ग्रंथपालाने एखाद्या नोंदीत टीप वाढविली आणि ती जुन्या जागेत मावेनाशी झाली, तर यंत्र ती नोंद फाईलीच्या शेवटी नव्याने लिही आणि लहान फाईलीतील पत्ता बदली. बिऱ्हाड बदलले, पण नाव तेच राहिले.

मग नव्या नोंदीस क्रमांक द्यावयाचा तो कोठून? आयसिसच्या मुख्य फाईलीच्या अगदी आरंभी एक नियंत्रक नोंद असे. तिचा स्वतःचा क्रमांक शून्य. तीत कोणत्याही पुस्तकाचे नाव नसे. यापुढे येणाऱ्या नोंदीस कोणता क्रमांक द्यावयाचा, तो आकडा तीत लिहिलेला असे. नवी नोंद झाली की तो आकडा एकाने वाढे. नंबरिंग मशीनच्या पोटातील चाक ते हेच.

सर्वांत मोठा अधिक एक

असे स्वतंत्र चाक न ठेवताही पुढील क्रमांक काढता येईल, असे नवशिक्यास हमखास वाटते. कारकून करतो तेच यंत्राने करावे: आतापर्यंतच्या क्रमांकांत सर्वांत मोठा कोणता ते पाहावे आणि त्यात एक मिळवावा. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस हा माहितीकोश १९९२ साली आला, तेव्हापासून या रीतीने क्रमांक घालणारे लोक अगणित आहेत. ‘डीमॅक्स’ नावाचे फलन एका कोष्टकातील सर्वांत मोठी संख्या शोधून देते. तीत एक मिळविला की झाले. रीत चुकीची नव्हे, परंतु तिच्या वाटेत खड्डे बरेच आहेत.

पहिला खड्डा आरंभीच लागतो. कोष्टक अद्याप रिकामे आहे. त्यातील सर्वांत मोठी संख्या कोणती? मनुष्य म्हणेल, शून्य. यंत्र म्हणते, काहीच नाही. माहितीकोशाच्या गणितात ‘काहीच नाही’ आणि ‘शून्य’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘काहीच नाही’ यात एक मिळविला तरी उत्तर ‘काहीच नाही’ असेच येते. म्हणून पहिल्या पुस्तकास क्रमांकच मिळत नाही. ‘काहीच नसल्यास शून्य समज’ असे यंत्रास आधी सांगावे लागते.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे, कारण तो पहिले नऊ क्रमांक होईपर्यंत दिसत नाही. क्रमांकाचा रकाना संख्येचा न ठेवता अक्षरांचा ठेवला, तर यंत्र आकड्यांची तुलना शब्दकोशाच्या रीतीने करते. शब्दकोशात शब्दाची लांबी पाहत नाहीत, पहिले अक्षर पाहतात. त्या न्यायाने ‘१०’ हा ‘९’ च्या आधी येतो. दहावे पुस्तक नोंदविले तरी यंत्राच्या लेखी सर्वांत मोठा ९ च. त्यात एक मिळविला की पुन्हा १०. अकराव्या पुस्तकासही १० आणि बाराव्यासही १०. क्रमांकाआधी शून्ये लावून ‘०००९’, ‘००१०’ असे लिहिण्याची जी पद्धत कचेऱ्यांत दिसते, ती केवळ शोभेसाठी नाही हे येथे कळते.

तिसरी गोष्ट बाद नोंदीची. शेवटचा क्रमांक ५०० आहे. ती नोंद चुकीची म्हणून पुसली. आता सर्वांत मोठा क्रमांक ४९९. पुढच्या पुस्तकास पुन्हा ५०० मिळेल. दरम्यान पहिल्या ५०० क्रमांकाचा उल्लेख पुस्तकविक्रेत्यास पाठविलेल्या पत्रात होऊन गेला असेल, तर दोन पुस्तके एका नावाने वावरू लागतात. हा दोष केवळ नवशिक्यांचा नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्माण केलेला आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असलेला एसक्यूलाइट हा माहितीकोशही, विशेष सूचना दिली नाही तर, सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवूनच पुढील क्रमांक देतो. त्यामुळे पुसलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक तेथे पुन्हा दिला जाऊ शकतो. ‘ऑटोइन्क्रिमेंट’ अशी सूचना दिली, तरच तो आजवर दिलेला सर्वांत मोठा क्रमांक एका वेगळ्या कोष्टकात जपून ठेवतो आणि मागे येत नाही.

आणि चौथी गोष्ट दोन लेखण्यांची. ग्रंथालयात दोन संगणक आहेत आणि दोघांचा माहितीकोश एक आहे. सकाळी पुस्तकांचा गठ्ठा आला, दोन कारकून नोंदीस बसले. पहिल्याच्या संगणकाने सर्वांत मोठा क्रमांक पाहिला: १,२०४. त्याने पुस्तकाचे नाव लिहावयास घेतले. तेवढ्यात दुसऱ्याच्या संगणकाने पाहिले. पहिल्याची नोंद अद्याप साठविलेली नाही, म्हणून त्यासही १,२०४ च दिसला. दोघांनीही आपापल्या पुस्तकास १,२०५ दिला. दोघांचेही गणित बिनचूक आहे. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जो अवकाश राहिला, त्यात ही चूक शिरली. नंबरिंग मशीनमध्ये तो अवकाश नसतो, याची येथे आठवण व्हावी.

हा अवकाश कमी करता येतो. अर्ज उघडताक्षणी क्रमांक न काढता, सारे लिहून झाल्यावर साठविण्याच्या अगदी आधी काढावा. मग अडचणीचा काळ काही मिनिटांवरून क्षणाच्या अंशावर येतो. परंतु तो शून्य होत नाही. त्यासाठी दुसरा पहारेकरी लागतो. क्रमांकाच्या रकान्यावर ‘द्विरुक्ती चालणार नाही’ असा निर्बंध घातला, म्हणजे दोन १,२०५ पैकी जो आधी पोहोचेल तो आत जाईल आणि दुसरा परतविला जाईल. परत आलेल्याने पुन्हा मोठा क्रमांक पाहावा आणि १,२०६ घेऊन यावे. क्रमांक देणारा आणि दुबार क्रमांक अडविणारा हे दोन निराळे सेवक आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अ‍ॅक्सेसच्या काही जुन्या आवृत्त्यांत क्रमांक देणारे चाक विशिष्ट प्रसंगी मागे सरके आणि वापरलेलेच आकडे पुन्हा देऊ लागे. ज्यांनी दुसरा पहारेकरी नेमला होता त्यांच्या नोंदी साठविण्यास यंत्राने नकार दिला आणि चूक कळली. ज्यांनी नेमला नव्हता, त्यांच्या कोष्टकात जुळी भावंडे जमली.

गळलेले आकडे

या साऱ्या यातायातीवर अ‍ॅक्सेसमध्येच तयार उपाय आहे. आरंभी त्यास ‘काउंटर’ म्हणत. १९९५ च्या आवृत्तीपासून ‘ऑटोनंबर’ म्हणतात. रकान्याचा प्रकार म्हणून एवढे निवडले की यंत्र स्वतःचे चाक ठेवते आणि प्रत्येक नव्या नोंदीस पुढील आकडा देते. आकडे संपण्याचे भय नाही. या चाकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी आहे. रोज शंभर पुस्तके नोंदविली तरी तेथवर पोहोचावयास ५८ हजारांहून अधिक वर्षे लागतील.

तरीही ऑटोनंबर वापरणारा मनुष्य काही दिवसांनी तक्रार घेऊन येतोच. त्याच्या कोष्टकात ३१७ नंतर ३१९ आला आहे. ३१८ कोठे गेला? तो कोठेच गेलेला नाही. कोणीतरी नव्या नोंदीत पहिले अक्षर टंकले, त्याबरोबर यंत्राने ३१८ देऊन टाकला. मग विचार बदलून त्याने एस्केपची कळ दाबली. नोंद रद्द झाली, चाक मात्र पुढे गेले होते. रद्दी कागदावर उमटलेल्या आकड्याचीच ही कथा. यंत्राने वचन दिले होते ते एवढेच की एक आकडा दोघांस मिळणार नाही. मध्ये एकही आकडा गळणार नाही, असे त्याने कधीच म्हटले नव्हते.

सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. ओळख पटविणे आणि मोजदाद ठेवणे ही दोन कामे दाखल नोंदवहीत एकाच आकड्याने होत आली, म्हणून ती एकच आहेत असे वाटू लागले. ओळखीसाठी आकडा वेगळा असला की पुरे. मध्ये शंभर आकडे गळाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. मोजदादीस मात्र एक आकडा गळला की हिशेबतपासनीस विचारणार, ते पुस्तक दाखवा. व्यापाऱ्याच्या बाबतीत तर हा कायद्याचा प्रश्न होतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम २०१७, यांतील ४६ व्या नियमान्वये विक्रीच्या बीजकावर सलग अनुक्रमांक असावा लागतो. तो सोळा अक्षरांहून मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात त्याची द्विरुक्ती होऊ नये. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बीजके काढली आणि त्यांतील किती रद्द झाली, हे विवरणपत्रात सांगावे लागते. अशा कामास एस्केपच्या कळीने आकडे गिळणारे चाक चालत नाही.

मग न गळणारा क्रमांक कसा मिळवावा? आयसिसच्या शून्य क्रमांकाच्या नोंदीसारखी एक लहानशी नोंद आपण स्वतः ठेवावी. तीत फक्त पुढील आकडा. ज्यास क्रमांक हवा त्याने प्रथम त्या नोंदीस कुलूप लावावे, म्हणजे दुसऱ्यास ती पाहता येणार नाही. आकडा घ्यावा, त्यात एक मिळवून परत लिहावा, आपले बीजक साठवावे आणि मगच कुलूप काढावे. ही सारी कामे एका गाठोड्यात बांधलेली असावीत: होतील तर सर्व होतील, मध्येच वीज गेली तर एकही झाले नाही असे समजून यंत्र पूर्वस्थितीस येईल आणि आकडा वाया जाणार नाही. याची किंमत म्हणजे प्रतीक्षा. एकाचे गाठोडे सुटेपर्यंत दुसऱ्याने दाराशी उभे राहावयाचे. दोन कारकुनांच्या ग्रंथालयात ही प्रतीक्षा कोणास जाणवणारही नाही. एकाच वेळी हजारो माणसे जेथे व्यवहार करतात, तेथे तिचीच रांग होते. म्हणून मोठ्या व्यवस्था शक्यतो गळलेल्या आकड्यांचे दुःख करीत नाहीत. आणि एकदा दिलेले बीजक रद्द झाले, तर ते पुसावयाचे नसते. ‘रद्द’ असा शेरा मारून ठेवावयाचे असते. हे शहाणपण जुन्या दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात होतेच.

वर्षाबरोबर बदलणाऱ्या क्रमांकांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. २०२४-२५/०१५३ अशा प्रकारचा क्रमांक एकाच रकान्यात अक्षरांनी लिहून ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. त्यापेक्षा वर्ष एका रकान्यात आणि १५३ ही संख्या दुसऱ्या रकान्यात ठेवावी, व कागदावर छापताना ती जोडावीत. मग १ एप्रिलला नव्या वर्षातील सर्वांत मोठी संख्या शोधली की ‘काहीच नाही’ हे उत्तर येईल, आणि त्यावरचा उपाय वर आलाच आहे.

सलग क्रमांकात आणखी एक गुण आहे, जो कधीकधी अवगुण ठरतो. तो बाहेरच्या माणसास आतली गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दरमहा किती रणगाडे तयार करते, हे दोस्त राष्ट्रांस हवे होते. हेरांचे अंदाज एकीकडे होते. दुसरीकडे संख्याशास्त्रज्ञांनी पाडाव झालेल्या रणगाड्यांच्या भागांवरील अनुक्रमांक जमविले आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा व नमुन्यांची संख्या यांवरून उत्पादनाचे गणित मांडले. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज १,५५० होता, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७. युद्ध संपल्यावर जर्मन कागदपत्रे हाती आली, त्यांत आकडा निघाला ३४२. दुकानदाराचे जानेवारीच्या पहिल्या तारखेचे आणि शेवटच्या तारखेचे बीजक ज्याच्या हाती आहे, त्यास दुकानाचा महिन्याचा व्यवहार न विचारता कळतो, तो याच न्यायाने. अ‍ॅक्सेसच्या ऑटोनंबरमध्ये सलग आकड्यांऐवजी वाटेल ते, परंतु परस्परांहून भिन्न, आकडे देण्याची सोय आहे. दोन दूरच्या शाखांनी स्वतंत्रपणे नोंदी करून पुढे त्या एकत्र करावयाच्या असतील, तर १२८ बिटांचा प्रचंड लांबीचा ओळखक्रमांकही घेता येतो. तो इतका लांब असतो की दोन शाखांचे आकडे जुळण्याची भीती व्यवहारात धरावी लागत नाही. अर्थात असा क्रमांक पुस्तकाच्या पाठीवर हाताने लिहिण्यास कोणी तयार होणार नाही.

जुनी वही यंत्रात उतरविताना

चाळीस-पन्नास वर्षांची दाखल नोंदवही संगणकात घेण्याचे काम ज्या ग्रंथालयाने हाती घेतले, त्यास पहिल्या आठवड्यातच एक शोध लागतो: वही वाटली होती तितकी निर्दोष नाही. द्विरुक्ती न चालणाऱ्या रकान्यात जुने क्रमांक भरू लागले की यंत्र मध्येच अडते. पान उलटताना कोणाच्या तरी हातून ३,१०० ते ३,१०९ हे आकडे दोनदा लिहिले गेलेले असतात. कोठे शंभराची उडी असते. आणि कोठे तरी ४,२१७ नंतर ‘४,२१७ अ’ भेटतो. एक पुस्तक नोंदवावयाचे राहून गेले होते, पुढचे आकडे शिक्क्यांत भरून झाले होते, तेव्हा त्या कारकुनाने आपल्या परीने काढलेली ती वाट.

अशा वेळी जुने क्रमांक सुधारून सलग करण्याचा उत्साह आवरावा. तो ‘४,२१७ अ’ पुस्तकाच्या पानावर शाईने लिहिलेला आहे, ग्रंथसूचीतील कार्डावर आहे, कदाचित एखाद्या संशोधकाच्या टिपणवहीतही आहे. माहितीकोशात त्यासाठी अक्षरांचा एक रकाना करून तो जसाच्या तसा ठेवावा. त्याच्या शेजारी यंत्राने आपल्या चाकावरचा आकडा द्यावा. तो कोणत्याही शिक्क्यात भरावयाचा नाही, सभासदास दाखवावयाचा नाही आणि त्यात आकडे गळले तर त्याची चौकशीही करावयाची नाही. देवघेवीच्या कोष्टकाने मात्र पुस्तक ओळखावयाचे ते त्याच आकड्यावरून. दुबार आढळलेल्या दहा क्रमांकांची पुस्तके कपाटांतून शोधून काढून, प्रत्यक्ष शिक्के पाहून, त्यांपैकी कोणास नवा दाखल क्रमांक द्यावयाचा याचा निर्णय ग्रंथपालानेच घ्यावयाचा असतो, आणि तो घेतल्यावर जुन्या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहून तारीख घालावयाची असते.